मदत हवी आहे: एफ-१४ टॉमकॅटच्या १/७२ प्रतिकृतीवर फेरिस कॅमोफ्लाज

नमस्कार. १/७२ प्रमाणातल्या एफ-१४ टॉमकॅट या अमेरिकन लढाऊ विमानाच्या प्रतिकृतीवर किथ फेरिस यांची प्रायोगिक कॅमोफ्लाज (नजरेला चकवणाऱ्या रंगांची) योजना रंगवायला घेतली आहे. जोडणी झाली आहे, प्रायमरही (रंगाआधीचा अस्तराचा थर) बसला आहे. पुढे जाण्यापूर्वी येथील जाणकारांचा सल्ला हवा आहे.

ही योजना ज्यांना परिचित नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. फेरिस हे अमेरिकन विमानचित्रकार. १९७० च्या दशकात त्यांनी आखलेली रंगरचना अमेरिकेच्या एफ-४, एफ-१४ आणि एफ-१५ विमानांवर अजमावली गेली. विमान दिसूच नये, हा तिचा मुख्य हेतू नव्हता. नजरेच्या टप्प्यातल्या झुंजीत समोरचे विमान कोणत्या बाजूला कलले आहे, आपल्याकडे वळते आहे की दूर जाते आहे, हे वैमानिकाला क्षणार्धात ओळखावे लागते आणि तो अंदाज तो पंखांच्या कडा, नाकाची दिशा व कॉकपिटची काच पाहून बांधतो. फेरिस यांनी नेमक्या याच खुणा बिघडवल्या: राखाडीच्या वेगवेगळ्या छटांचे, सरळ कडांचे टोकदार तुकडे विमानाच्या आकाराला छेद देत जातात, आणि नाकाखाली पोटाच्या बाजूला गडद रंगात खोटी कॅनॉपी (कॉकपिटवरची काच) काढलेली असते. हीच खोटी कॅनॉपी पुढे कॅनडाच्या सीएफ-१८ विमानांवरही दिसते. मला ही कल्पना विलक्षण वाटते, आणि म्हणूनच ती केवळ नक्षी होऊन राहू नये अशी इच्छा आहे.

माझी मुख्य अडचण छटांमधल्या फरकाची आहे. एक किलोमीटरवरचे विमान या प्रमाणात साधारण १४ मीटरवरून पाहिल्यासारखे होते, पण प्रतिकृती आपण हातभर अंतरावरून पाहतो. मूळ छटा जशाच्या तशा दिल्या तर तुकडे भडक दिसतात. पांढरा मिसळून फिकट केल्या तर शेजारच्या दोन छटा एकमेकींत विरघळतात आणि आकार मोडण्याचा परिणामच नाहीसा होतो. तिन्ही छटा सारख्याच प्रमाणात फिकट कराव्यात, की फक्त सर्वांत गडद छटा उजळावी?

पोटाचा प्रश्न निराळा आहे. आकाशाच्या पार्श्वभूमीवर पांढरे पोटही काळपट दिसते. १९४३ मध्ये अमेरिकन नौदलाने अ‍ॅव्हेंजर विमानाच्या पुढच्या कडांवर दिवे लावून पाहिले ते यासाठीच, आणि त्यामुळे विमान नजरेस पडण्याचे अंतर सुमारे १९ किलोमीटरवरून ३ किलोमीटरवर आले होते. आपल्या रंगांना ते साधणार नाही; पण खोट्या कॅनॉपीभोवतीचा राखाडी किती उजळ ठेवावा, याबद्दल कोणाचा अनुभव असल्यास अवश्य लिहावा.

टॉमकॅटचे पंख २० ते ६८ अंशांपर्यंत मागे जातात. धडावरून पंखावर उतरणारी तिरकी रेषा पंख पसरलेले असताना जुळवली, तर ते मिटल्यावर तुटते. तुम्ही अशा वेळी कोणती स्थिती धरता? मी पंख पसरलेले आणि चाके आत घेतलेली ठेवून विमान स्टँडवर लावण्याच्या विचारात आहे, म्हणजे पुढच्या चाकाच्या झडपांमुळे पोटाखालचे रंगकाम मध्येच तुटणार नाही.

शेवटचा प्रश्न मास्किंग टेपचा. टेप काढल्यावर अ‍ॅक्रिलिकची बारीक उंच कड उरते आणि वॉशचा (खाचा उठून दिसाव्यात म्हणून लावलेला पातळ गडद) रंग नेमका तिथेच साचतो. टेपच्या कडेवर आधी क्लिअर कोट (पारदर्शक थर) मारल्याने ही कड खरोखर कमी होते का, की कोरडा झाल्यावर बारीक पॉलिश पेपर फिरवणेच बरे?