विषय: कोकणात पायी फिरायच्या वाटा, कुठल्या महिन्यात कुठली?

प्रेषक: हर्णैची माहेरवाशीण, न्यू जर्सी

नमस्कार मंडळी,

या वर्षी आपल्यातली बरीच घरं कोकणात जाणार आहेत, पण एकाच वेळी नाही. कुणी नाताळात, कुणी गणपतीत, आणि ज्यांच्या शाळा जूनअखेर बंद होतात ते भर पावसात. मुलांना इथे दर शनिवारी डोंगरात चालायची सवय लागली आहे. झाडांवर रंगाचे पट्टे, फाट्यावर पाटी, चुकायची सोय नाही. गावी मात्र दोन दिवस झाले की "आता काय करायचं?" सुरू होतं. आजीच्या पडवीत किती वेळ बसणार?

तर किनाऱ्याच्या बाजूने, अर्ध्या दिवसात चालून होतील अशा वाटा सांगा. घाटमाथ्यावरचे किल्ले नकोत, बरोबर सासूबाई असतील.

प्रेषक: पुणेकर, कनेटिकट

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. कोकणात चालायला कोण जातं? घाम, चिकचिक आणि डांबरी रस्ता. चालायचंच असेल तर राजगड आहे, हरिश्चंद्रगड आहे. कोकणात जावं ते मासे खायला आणि दुपारी ताणून द्यायला.

प्रेषक: काका, मुक्काम गुहागर

पुणेकरांचं दुपारच्या झोपेपुरतं मान्य. बाकीचं नाही.

मी निवृत्त होऊन इकडे परतलो तेव्हापासून रोज चालतो. तुमच्याकडची सवय घेऊन येणारे पाहुणे एक गोष्ट हमखास विसरतात: किनाऱ्यावरची निम्मी वाट दिवसातून दोनदा पाण्याखाली जाते. फोटो बघून जागा ठरवतात, वेळ ठरवत नाहीत, आणि मग भर भरतीत जाऊन "इथे काहीच नाही" म्हणत परत येतात. तेव्हा आधी तिथी बघा, मग जागा.

हिशेब सोपा आहे. तिथीला पाऊणने गुणा, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. ज्यांनी पाऊणकीचा पाढा घोकलाय त्यांना कागदही लागणार नाही. अष्टमीला सहा. म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती आणि ओहोटी ऐन बाराला, ऊन डोक्यावर असताना. तृतीयेला सव्वादोन, म्हणून सकाळी आठला पाणी पार मागे. पक्ष शुक्ल असो की कृष्ण, गणित तेच. थोडं इकडेतिकडे होतं, म्हणून खडकावर उतरायचं असेल त्या दिवशी छापील वेळापत्रकही बघावं.

दुसरं, उधाण आणि भांग. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. पाणी वरही जास्त चढतं आणि मागेही जास्त हटतं. अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा दोन्ही बेताचंच. उधाणाचा जोर अजून आहे आणि ओहोटी सकाळच्या वेळी, असे दिवस म्हणजे द्वितीया ते चतुर्थी. खडकातल्या वाटा या दिवसांसाठी राखून ठेवायच्या.

अशी पहिली वाट हरिहरेश्वरची प्रदक्षिणा. देवळामागून पायऱ्या चढायच्या आणि दोन कड्यांमधल्या चिंचोळ्या घळीतून थेट समुद्रापाशी उतरायचं. खाली लाटांनी कापून सपाट केलेला खडक, उजव्या हाताला डोंगर, डाव्या हाताला पाणी. कड्याला खाऱ्या वाऱ्याने मधाच्या पोळ्यासारखी भोकं पाडली आहेत. मुलं तिथेच अर्धा तास काढतील. ओहोटी सुरू असताना उतरायचं, पाणी परत फिरलं की रेंगाळायचं नाही. इथे माणसं वाहून गेली आहेत. पावसाळ्यात ही वाट नाहीच असं समजा.

पायात काय घालणार ते बघा. खडकाला कालवं (एक प्रकारचे शिंपले) चिकटलेली असतात आणि त्यांच्या कडा पातळ रबरी चपलेचा तळ कापतात. हिरवं शेवाळ टाळून काळ्या, खरखरीत खडकावर पाय ठेवायचा. ओहोटीला कालवं काढायला आलेल्या बायका कुठून चालतात ते पाहावं आणि त्याच रेषेने जावं, ही माझी रीत.

हेदवीच्या बामणघळीचं मात्र उलटं. ती बघायची तर भरती हवी. खडकाला पडलेल्या अरुंद भेगेत लाट घुसते, पुढे जागा संपते आणि पाणी उसळून वर येतं. पौर्णिमा-अमावास्येला अकरा-बाराच्या सुमारास जा. काठापासून लांब उभं राहा, फोटोसाठी तर मुळीच पुढे जाऊ नका.

सासूबाईंसाठी गणपतीपुळं. तिथे डोंगरच देव मानतात, म्हणून प्रदक्षिणा अख्ख्या टेकडीला असते, फरसबंदी वाटेने, साधारण 1 किलोमीटरची. आमची गुहागरची पुळणही आहे, सुमारे 6 किलोमीटर सलग. वाळू ओली आणि घट्ट असताना चालावं. कोरड्या वाळूत पोटऱ्या भरून येतात. आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीची पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, हर्णैच्या माहेरवाशिणीला मी काय सांगणार!

आणि नाताळात येणाऱ्यांनी वेळासला कासवाच्या पिल्लांसाठी हट्ट धरू नये. ऑलिव्ह रिडलेची घरटी नोव्हेंबरपासून व्हायला लागतात, पण अंड्यातून पिल्लं यायला दीड-दोन महिने जातात. खरा हंगाम फेब्रुवारी अखेर ते एप्रिल. सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने 2002 मध्ये गावकऱ्यांना बरोबर घेऊन हे काम सुरू केलं, आता किनाऱ्यावरच्या इतर गावांतही चालतं. त्या दिवसांत आलात तर पहाटे पिल्लं पाण्यात जाताना बघा आणि मग बाणकोटच्या किल्ल्यावर चढा, खाली सावित्रीची खाडी समुद्राला मिळताना दिसते.

प्रेषक: रत्नागिरीच्या बाई

काकांनी समुद्र सांगितला. पण पावसात येणाऱ्यांचं काय? आमच्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. त्या दिवसांत समुद्राकडे पाठ करायची आणि सड्यावर, म्हणजे कातळाच्या सपाट माळावर, चढायचं.

उन्हाळ्यात सडा बघितलात तर म्हणाल, भाजका कातळ, गवताची काडी नाही. पहिल्या पावसानंतर त्याच कातळावर दीपकाडी उगवते, पांढऱ्या फुलांची. ती आपल्या कोकणच्या कातळांवरचीच, जगात दुसरीकडे शोधून मिळायची नाही. जूनअखेर येणाऱ्यांना ती नेमकी सापडेल. गणपतीच्या सुमारास तर एकेका खळग्यात वेगळा रंग असतो: गेंदाचे पांढरे ठिपके, कवल्याचा पिवळा, तेरड्याचा गुलाबी, आणि ओल्या जागी सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा. मुलांना भिंग द्या. सीतेच्या आसवांचं फूल करंगळीच्या नखाएवढं, पण झाड मांसाहारी. जमिनीलगत त्याच्या बारीक बारीक पिशव्या असतात, पाण्यातला सूक्ष्म जीव दाराशी आला की पिशवी त्याला आत ओढून घेते. हे एकदा सांगितलं की कुठलंही मूल "अजून किती चालायचं?" विचारत नाही. फुलं असतात तिथे उघड्या कातळावरूनच चाला, गालिच्यावरून नको.

गणपतीत गावी असाल तर वेगळी वाट शोधायचं कारणच नाही. माटवीचं (गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या चौकटीचं) सामान आणायला घरातलं कोणी रानात जाईल, मुलांना त्यांच्याबरोबर पाठवा. कवंडळ, हरणं, कांगण्या, शेरवडं ही रानातली फळं-फुलं कुठे मिळतात ते घरच्या मोठ्यांनाच ठाऊक असतं. कवंडळ लालचुटुक दिसलं तरी फक्त टांगायचं, तोंडात घालायचं नाही, हे आधीच बजावून ठेवा.

दिवाळीनंतर सड्यावर कातळशिल्पं. पावसाळ्यात गवत आणि साचलेलं पाणी यांत ती नीट दिसत नाहीत. उक्षीचा हत्ती, देवीहसोळचं आर्यादुर्गेच्या देवळाजवळचं शिल्प, आणि कशेळीचा हत्ती, जो सुमारे 18 मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी कोरले आहेत. 2022 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत कोकणातल्या कातळशिल्पांचं नाव लागलं, त्यांत ही तिन्ही ठिकाणं आहेत. भर दुपारी जाऊ नका. ऊन वरून पडलं की सगळं सपाट दिसतं; सकाळी लवकर किंवा पाचनंतर कोरलेल्या चरात सावली भरते आणि चित्र आपोआप उठून येतं. चरांवर पाय देऊ नये, वेगळं सांगायला नको. तरी सांगते, कारण लोक देतात.

आता न आवडणाऱ्या गोष्टी. कातळावर फुरसं असतं, विषारी साप. हातभरही नाही, मातकट रंगाचं, आणि चाहूल लागली तरी चटकन जागचं हलत नाही. दगड उलटे करायचे नाहीत, गडग्यावर (दगडी कुंपणावर) न बघता हात टेकायचा नाही, घोट्यावर येणारे बूट हवेत. चावलंच तर गावठी उपचारात वेळ न घालवता सरळ ग्रामीण रुग्णालय. नोव्हेंबरमध्ये गवत वाळून कुसळं होतात आणि ती मोज्यांत शिरतात. लोकरीचे मोजे घालाल तर संध्याकाळभर वेचत बसाल.

आणि पाट्यांचं म्हणाल तर पाट्या नाहीत. सड्यावरच्या जुन्या पायवाटा बऱ्याच ठिकाणी आंब्याच्या बागांच्या कुंपणांनी आणि चिरेखाणींनी तोडल्या आहेत, ज्या वाटेने मी शाळेत गेले तिथे आता लोखंडी फाटक आहे. मोहोर आला की बागेत गुरखे आणि कुत्री असतात. वाडीत जाऊन विचारायचं, वाट कुणाच्या खळ्यातून (अंगणातून) जात असेल तर हाक मारून पुढे जायचं, आणि बेडं (कुंपणाचं फाटक) उघडलंत तर मागे लावून घ्यायचं. नाहीतर गुरं आत शिरतात आणि बोल पाहुण्यांना लागतो.

प्रेषक: पुणेकर, कनेटिकट

बाई, हत्तीवर मी गप्प. पण मे महिन्याचं काय ते सांगा. आम्हाला सुट्टी तेव्हाच काढता येते. तेव्हा तरी झोपायची परवानगी आहे ना?

प्रेषक: मालवणचो, सध्या गावाकच

मे म्हयन्यात चालूचा तर बेगीन उठूक होया, नायतर उन्हात कित्याक मरूक जातास?

सगळ्यांना कळावं म्हणून पुढे सरळ लिहितो. मे महिन्यात उजाडल्यापासून साडेआठपर्यंत चालायचं, नऊला घरात. तारकर्ली-देवबागच्या बाजूला पहाटे किनाऱ्याने निघालात तर वाटेत रापण भेटेल. दोन्हीकडे माणसं दोर ओढत मागे मागे सरकत असतात, जाळं हळूहळू किनाऱ्याला लागतं. बघत उभे राहू नका, दोराला हात लावा. मुलांना त्यात जी मजा येते ती कुठल्या धबधब्यावर येत नाही. मेच्या शेवटी समुद्र खवळायला लागतो, मग हे संपलं.

निवतीचा किल्ला लहान आहे, चढ थोडाच. वरून एका बाजूला भोगव्याची लांब पुळण दिसते आणि हवा स्वच्छ असेल तर समुद्रात वेंगुर्ला रॉक्सचा दीपस्तंभ. तिथून भोगव्याला उतरा. मात्र हे ऑक्टोबर ते फेब्रुवारीत, मे महिन्यात सावलीला झाड नाही.

रेडीचा यशवंतगड पाऊस संपल्या संपल्या बघा. वडांच्या मुळांनी भिंती कवळून धरल्या आहेत, आत हिरवा अंधार असतो. जानेवारीनंतर ती मजा ओसरते. तिथवर गेलात तर शिरोड्याला सुरूच्या बनातून किनाऱ्याने फिरा, 1930 चा मिठाचा सत्याग्रह झाला तो हाच गाव.

मे महिन्यात दुपारी झोपा. त्याला कोण नको म्हणतं?

प्रेषक: हर्णैची माहेरवाशीण, न्यू जर्सी

सगळ्यांचे आभार. सासूबाईंना पाऊणकी तोंडपाठ निघाली, त्यांनी लगेच कालनिर्णय उघडून हिशेब सुरू केला. आम्ही नाताळात पोहोचतो त्या दिवशी शुक्ल दशमी आहे म्हणाल्या. आठवडाभर राहणार आहोत, फार तर थोडे दिवस जास्त मिळतील. काका, कसं बसवू?

प्रेषक: काका, मुक्काम गुहागर

दशमीला भरती साडेसात, एकादशीला सव्वाआठ. म्हणजे ओहोटी दुपारी दीड-दोनला. ते दिवस खडकावर जायचे नाहीत. प्रवासाचा शीणही असेल. आंजर्ल्याची पाखाडी चढा, संध्याकाळी हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव दाखवा. मग दाभोळची फेरीबोट धरून इकडे या. पौर्णिमेला सव्वाअकराची भरती, त्या दिवशी बामणघळ, जेवायला आमच्याकडे. बाईंचा हत्ती बघायचा तर दुसऱ्या दिवशी दुपारी रत्नागिरीकडे निघा, उक्षी संध्याकाळच्या उन्हात बघून होईल.

हरिहरेश्वर शेवटी ठेवा, कृष्ण तृतीयेला, सकाळी सातला देवळापाशी हजर. वेसवीहून बागमांडल्याला जाणाऱ्या फेरीच्या भरवशावर त्याच सकाळी निघू नका, आदल्या संध्याकाळीच पलीकडे जाऊन मुक्काम करा. नाताळात खोल्या मिळत नाहीत, आत्ताच सांगून ठेवा. आणि घरगुती खानावळीत रात्रीचं जेवण हवं असेल तर दुपारीच कळवायचं, किती ताटं आणि त्यांत शाकाहारी किती ते धरून.