दसऱ्यानंतर काठमांडू: जावं की कॅन्सल करावं?

अडकित्ता७१ (१७ सप्टेंबर २०२५)

नमस्कार मंडळी, जरा गोंधळलेय म्हणून लिहितेय. आमचं ३ ते ९ ऑक्टोबरचं काठमांडू-पोखरा जूनमध्येच बुक झालंय. आम्ही दोघं, नऊ वर्षांची मुलगी आणि सासू-सासरे. सासरे ७२, सासूबाई ६८, दोघांना बीपी, सासऱ्यांचा एक गुडघा कुरकुरतो. मूळ कारण सासऱ्यांचं पशुपतिनाथ, ते गेली दहा वर्षं म्हणतायत आणि दर वर्षी काहीतरी निघतं.

आता ८ आणि ९ सप्टेंबरला तिकडे जे झालं ते सगळ्यांनी बघितलंच. सरकारविरोधी आंदोलनात पहिल्या दिवशी १९ माणसं गेली, दुसऱ्या दिवशी संसद आणि सिंहदरबार (त्यांचं मंत्रालय) जळाले, पंतप्रधान ओलींनी राजीनामा दिला, एअरपोर्ट बंद झाला. आमच्या घरच्या ग्रुपवर तेव्हापासून रोज आगीचे व्हिडिओ येतायत, तेच तेच, कुठल्या दिवसाचे काही पत्ता नाही. नवरा म्हणतो आता हंगामी पंतप्रधान म्हणून सुशीला कार्की आल्यात, निवडणूक ५ मार्चला आहे, सगळं शांत झालंय, जाऊया. माझे वडील म्हणतात डोकं फिरलंय का तुमचं. सासरे काहीच म्हणत नाहीत, ते नुसते बॅगेची चेन उघडतात आणि लावतात.

विमानाचं तिकीट नॉन रिफंडेबल, हॉटेल २६ तारखेपर्यंत फुकट कॅन्सल होतं. काठमांडू-पोखरा गाडीने करणार होतो. प्लीज कोणीतरी नुसतं "काही होत नाही हो" न म्हणता नीट सांगा, खरंच जाण्यासारखं आहे का?

घाटवाट (१७ सप्टेंबर)

काही होत नाही हो 😀 सॉरी, राहवलं नाही. पण खरंच, भांडण त्यांचं त्यांच्या सरकारशी होतं, ४ तारखेला सरकारने २६ सोशल मीडिया ॲप बंद केली ते निमित्त, खरा राग भ्रष्टाचारावर. टुरिस्टला तिथे कोणी हात लावत नाही, त्यांची अर्धी रोजीरोटी त्यावर आहे. आत्ता गेलात तर गर्दी नाही, हॉटेलवाले डोक्यावर घेतील. मी तर जाईन.

निवृत्त_मास्तर (१७ सप्टेंबर)

घाटवाट, भांडण सरकारशी होतं हे तुमचं बरोबर, टुरिस्टला काही होत नाही हे नाही. ९ तारखेला रात्री काठमांडूत एका मोठ्या हॉटेलला आग लावली तेव्हा वरच्या मजल्यावरून उतरायचा प्रयत्न करताना एका भारतीय बाईंचा जीव गेला. त्या देवदर्शनालाच गेल्या होत्या. पशुपतिनाथहून परतणाऱ्या यात्रेकरूंच्या बसवर दगडफेक झाल्याचंही बातम्यांत आलं. टुरिस्ट म्हणून त्यांना कोणी धरलं नाही हे खरं, पण आग लावणारा आत कोण आहे ते विचारून लावत नाही.

आता माझा अनुभव. एप्रिल २००६ ला मी आणि हिने नेपाळ केलं होतं, राजा ज्ञानेंद्र यांच्याविरुद्धचं आंदोलन चालू होतं तेव्हा. आम्ही पोचलो आणि कर्फ्यू लागला. १९ दिवस चाललं ते आंदोलन, आम्ही त्यातले सहा दिवस लॉजच्या गच्चीवर बसून काढले. जिवाला धोका असा एकदाही वाटला नाही. पण हिच्या थायरॉइडच्या गोळ्या चौथ्या दिवशी संपल्या आणि कर्फ्यू दिवसातून थोडा वेळ सैल करायचे तेवढ्यात औषधाचं दुकान उघडं सापडेना. लॉजवाल्याच्या वहिनीने कुठूनतरी आणून दिल्या, त्या कुठून आणल्या ते आजही माहीत नाही.

म्हणून म्हणतो ताई, दंगलीत सापडू का हे विचारण्यापेक्षा पाच दिवस एका खोलीत अडकलो तर आमच्या घरातल्या कोणाचं काय होईल हे विचारा. सासऱ्यांना इन्सुलिन वगैरे आहे का? डायलिसिस, ऑक्सिजन असलं काही? असेल तर नाही म्हणा आणि विषय संपवा. नुसतं बीपी असेल तर दहा दिवसांच्या गोळ्या जास्तीच्या घ्या, अर्ध्या हातातल्या बॅगेत, अर्ध्या दुसऱ्या बॅगेत.

पाटणचा_पाहुणा (१७ सप्टेंबर)

मी नोकरीनिमित्त ललितपुरात राहतो, म्हणजे पाटण, काठमांडूला चिकटूनच. आत्ताची परिस्थिती सांगतो.

कर्फ्यू १३ तारखेला उठला. आज राष्ट्रीय शोक म्हणून सुट्टी आहे, नाहीतर दुकानं, टॅक्सी, बाजार सगळं चालू. थामेलमध्ये, म्हणजे टुरिस्टांच्या हॉटेलांच्या भागात, माणसं कमी पण उघडं आहे. जळक्या इमारती दिसतात, नया बानेश्वरला संसद भवनासमोरून गेलं की अजून वास येतो. पोलीस चौक्या बऱ्याच जळाल्या, त्यामुळे मधले काही दिवस चौकात कॉलेजची पोरंच ट्रॅफिक सांभाळत होती, आणि चांगली सांभाळत होती. जी गोष्ट मला स्वतःला खटकते ती वेगळीच आहे. त्या दोन दिवसांत जेलमधून हजारो कैदी पळाले आणि सगळे परत आलेले नाहीत, त्यामुळे रात्री उशिरा गल्लीबोळातून फिरणं मी तरी टाळतो. तुम्ही लहान मूल आणि म्हातारी माणसं घेऊन रात्री अकराला कुठे फिरणार म्हणा.

आता तुमच्या कामाचं. काठमांडूत काही पेटलं की जागा ठरलेल्या असतात. माइतीघर, नया बानेश्वर, सिंहदरबारचा परिसर. आणि अडचण अशी की थामेल किंवा पाटणहून एअरपोर्टला जायचा नेहमीचा रस्ता बानेश्वर-तीनकुने असाच जातो. यंदा २८ मार्चला राजावाद्यांचा मोर्चा तीनकुनेलाच बिघडला होता, दोन माणसं गेली, कर्फ्यू लागला, आणि तीनकुने म्हणजे एअरपोर्टच्या दारातच. म्हणून राहायची जागा महत्त्वाची. तुमचं काम पशुपतिनाथ आहे ना, मग गौशाळा भागात राहा. मंदिर चालत, आणि तिथून रिंग रोडने एअरपोर्ट जेमतेम दोन किलोमीटर, बानेश्वर मध्ये येतच नाही. अगदीच वेळ आली तर बॅगा ओढत जाता येईल, सासऱ्यांच्या गुडघ्याचं बघावं लागेल. मोठ्या चकचकीत हॉटेलपेक्षा साधं तीन मजली लॉज बघा आणि खोली खालच्या मजल्यावर मागा. या वेळी मोठी हॉटेलं, मोठी सुपरमार्केटं, पुढाऱ्यांची घरं यांच्यावर राग निघाला, गल्लीतल्या गेस्टहाऊसकडे कोणी फिरकलं नाही.

कर्फ्यूत अडकलात तर हे लक्षात ठेवा: विमानाचं तिकीट आणि पासपोर्ट दाखवला की एअरपोर्टला जाऊ देतात. त्यामुळे तिकिटाची छापील प्रत जवळ ठेवा, मोबाईलची बॅटरी नेमकी त्या दिवशी मरते.

हिशोबी_राणे (१८ सप्टेंबर)

मी जाऊ नका म्हणणाऱ्यांतला आहे पण माझं कारण पैशाचं आहे, भीतीचं नाही.

एक, इन्शुरन्सच्या भरवशावर राहू नका. बऱ्याच ट्रॅव्हल पॉलिसीत दंगल, नागरी अशांतता हे वगळलेलं असतं, आणि आता तर गोष्ट जगजाहीर झाली, आज पॉलिसी काढून उद्या क्लेम केलात तर म्हणतील तुम्हाला माहीत होतं. एक्सक्लूजनचं पान वाचा, कंटाळवाणं आहे पण तेवढंच पान खरं असतं. दोन, विमान कंपन्यांनी ९ तारखेच्या आसपासच्या तिकिटांना फुकट तारीख बदलून दिली, पण तेवढ्याच दिवसांच्या. तुमच्या ऑक्टोबरच्या तिकिटाला आज कोणी काही देणार नाही. म्हणून एक गोष्ट अजिबात करू नका, घाबरून आज स्वतःहून कॅन्सल. स्वतः कॅन्सल केलंत तर पैसे तुमचे गेले, फ्लाइट कंपनीने रद्द केली तर परत मिळतात. २६ तारखेपर्यंत थांबायला काही पडत नाही, तोपर्यंत थांबा. हॉटेल मात्र २५ ला रात्री झोपण्याआधी ठरवा, २६ ला दुपारी साइट गंडते हा माझा अनुभव आहे.

तीन, कागद. भारतीयांना व्हिसा लागत नाही म्हणून लोक निवांत असतात आणि काउंटरवर आधार काढतात. १५ ते ६५ वयाच्या माणसांना विमानाने जायला पासपोर्ट नाहीतर मतदार ओळखपत्र, आधारवर नाही चालत. मी म्हणेन सगळ्यांचे पासपोर्टच घ्या, कारण गडबडीत दुसऱ्या एखाद्या देशातून वळसा घालून परतावं लागलं तर मतदार कार्डाला कोण विचारणार.

चार, रोख. आपला एक रुपया म्हणजे त्यांचे १.६०, हा दर पक्का बांधलेला आहे. क्यूआरवर आपलं यूपीआय बऱ्याच ठिकाणी चालतं पण ज्या दिवशी गोंधळ होतो त्या दिवशी आधी नेट आणि मग एटीएम रुसतं. शंभरच्या नोटा न्या, पाचशेच्या नेऊ नका, सध्या (सप्टेंबर २०२५) तिथे शंभरच्या वरच्या आपल्या नोटांना परवानगी नाही.

कोपऱ्यातली_खुर्ची (१८ सप्टेंबर)

मला एक वेगळंच बोलायचंय, कोणाला लागलं तर सॉरी. तिथे घराघरातली वीस-बावीस वर्षांची पोरं गेलीत आणि आपण "गर्दी नाही, हॉटेलवाले डोक्यावर घेतील" म्हणतोय हे बरं नाही वाटत. जा, जरूर जा, त्यांना गिऱ्हाईक हवंच आहे. पण जळक्या संसदेसमोर सेल्फी नको.

घाटवाट (१८ सप्टेंबर)

माझं ते गर्दीचं वाक्य चुकलं, मान्य. त्या बाईंची बातमी पण मी वाचली नव्हती.

अडकित्ता७१ (२० सप्टेंबर)

सगळ्यांचे आभार, रात्री बसून सगळं सासऱ्यांना वाचून दाखवलं. मास्तर, इन्सुलिन वगैरे काही नाही. तुमचा प्रश्न मी तसाच्या तसा सगळ्यांना विचारला, पाच दिवस खोलीत अडकलो तर? मुलगी म्हणाली वायफाय आहे का. सासूबाई म्हणाल्या यांच्याबरोबर पंचेचाळीस वर्षं अडकलेय, पाच दिवसांचं काय घेऊन बसलात.

तर आत्तापुरतं असं ठरलंय. थामेलचं हॉटेल सोडून गौशाळेत लॉज घेतलं, तळमजला. पोखरा ठेवलंय पण शेवटी नाही, मध्ये, म्हणजे परतीच्या आधी दोन रात्री काठमांडूतच असू. २५ ला रात्री फायनल. त्या दिवशी कर्फ्यू असला किंवा आपल्या परराष्ट्र खात्याने जाऊ नका म्हटलेलं असलं तर रद्द, मग चर्चा नाही. ९ तारखेला त्यांनी परिस्थिती निवळेपर्यंत प्रवास पुढे ढकला असं सांगितलं होतं, त्यावर लक्ष ठेवून आहे. आणि ग्रुपवरचे व्हिडिओ बघणं बंद केलंय, वडिलांना पण सांगितलं, ते ऐकणार नाहीत.

पाटणचा_पाहुणा (२० सप्टेंबर)

बरोबर केलंत. दसऱ्याला, म्हणजे इथल्या दसैंला, निम्मं काठमांडू गावी गेलेलं असतं, शहर एरवीपेक्षा शांत मिळेल. तुम्ही याल तेव्हा माणसं अजून कपाळभर टीका लावून फिरत असतील. फक्त एक, मी राजकारणाच्या नादात पावसाचं बोललोच नाही. गेल्या वर्षी सप्टेंबरच्या शेवटी इथे पुराने दोनशेच्या वर माणसं गेली. पोखऱ्याचा रस्ता दरडींचा आहे, निघायच्या आदल्या दिवशी हवामान बघा.

निवृत्त_मास्तर (२६ सप्टेंबर)

काल रात्री काय ठरलं?

अडकित्ता७१ (२६ सप्टेंबर)

निघतोय. वडिलांनी अजून फोन उचललेला नाही.

अडकित्ता७१ (६ ऑक्टोबर, काठमांडूहून)

मंडळी, पाहुणेदादांच्या तोंडात साखर घालू की काय घालू कळत नाहीये. मोर्चा नाही, कर्फ्यू नाही, एकही जण जोरात बोललेला ऐकला नाही, आणि आम्ही लॉजमध्ये अडकलोय ते पावसामुळे! ४ तारखेपासून कोसळतोय, काठमांडूतून बाहेर जाणाऱ्या रस्त्यांवर गाड्या सोडत नव्हते, देशातल्या देशात उडणारी विमानंही बसली, सरकारने दोन दिवस सुट्टी दिली. पूर्वेला इलामकडे दरडींखाली चाळीसच्या आसपास माणसं गेल्याचं लॉजवाले सांगतायत, त्यांचे नातेवाईक आहेत तिकडे, सकाळपासून त्यांचा फोन कानालाच आहे. पोखरा गेलं.

दर्शन मात्र ४ ला पहाटेच उरकलं होतं, छत्र्या धरून, चालत. सासरे परत येताना काही बोलले नाहीत, लॉजच्या पायरीवर बसून ओले मोजे पिळत बसले बराच वेळ. गुडघा सुजलाय पण त्यांना विचारलं तर म्हणतात कुठला गुडघा.

गोळ्या भरपूर आहेत, शंभरच्या नोटांनी जेवण चाललंय, वायफाय आहे. एक विचारायचं होतं, पोखऱ्याचा हॉटेलवाला म्हणतो रस्ता बंद ही आमची चूक नाही, पैसे परत देणार नाही. राणेसाहेब, असल्यात काही करता येतं का? बाकी सविस्तर परत आल्यावर लिहिते, आत्ता खाली गरम पाणी आलंय म्हणतायत आणि ते अर्धा तासच असतं.