जुन्या फोटोतले पाळणे ओळखायचे कसे? (एस्सेलवर्ल्ड, रंगीत प्रिंट)

घोडबंदरकर
गोराईच्या एस्सेलवर्ल्ड पार्कचे 11 रंगीत प्रिंट आहेत, निगेटिव्हच्या तीन पट्ट्याही आहेत. सोसायटीच्या गणपतीत मोठे करून लावायचेत, प्रत्येकाखाली पाळण्याचं नाव आणि साल हवंय.

फोटो 4: एकच जाड लोखंडी हात, एका टोकाला माणसांनी भरलेला बाकांचा लांबट डबा, दुसऱ्या टोकाला बोजड पेटी. डबा पार वर गेलाय तरी माणसं सरळ बसलेली. कोणी याला रेंजर म्हणतं, कोणी उडती सतरंजी. फोटो 7: मोठं चाक जवळजवळ उभं, बंद डबे, आकाशपाळणा वाटत नाही. कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत '87 1 1 आहे, पण पार्क तर 1989 ला सुरू झालं. फोटो 9 फ्रेमच्या काचेला चिकटलाय. सगळ्यांवर लाल झाक आलीय. गणपतीला तीन आठवडे आहेत.

आसाचा_दांडा
नावाच्या पाटीवरून ओळखायला जाऊ नका. यंत्र तेच, पाटी पार्कवाल्याच्या मनाची. जत्रेत नाही का, एका गावचा टोराटोरा पुढच्या गावात ऑक्टोपस होतो. हात किती, एका हाताला डबे किती आणि माणसाला जागेवर धरलंय कशाने, एवढं बघायचं.

तुमचं 4 नंबर रेनबो दिसतंय. जर्मनीच्या हुस कंपनीची बांधणी, 1980 च्या दशकातली. ती बोजड पेटी म्हणजे डब्याला तोलणारं वजन. हात पूर्ण फेरा मारतो, डबा मात्र जमिनीला समांतर राहतो. रेंजरमध्ये डबा हाताला पक्का असतो, वर गेला की माणसं डोकं खाली, पाय वर. म्हणून रेंजरला खांद्यावरून खाली येणारे दांडे लागतात. फोटो मोठा करून बघा: मांडीवर नुसती आडवी दांडी असेल तर रेंजर बाद. उडत्या सतरंजीला एक हात पुरत नाही, दोन किंवा चार असतात.

7 नंबर एंटरप्राइझ. आधी आडवं फिरतं, वेग आला की खालचा हायड्रॉलिक हात अख्खं चाक उचलून उभं करतो. आकाशपाळण्यापासून वेगळं काढायची खूण सगळ्यात वरच्या डब्यात आहे. आकाशपाळण्याचा डबा लोंबतो, त्याचं छत कायम आभाळाकडे. एंटरप्राइझचा डबा फिरण्याच्या जोराने बाहेर फेकला जातो, त्यामुळे वरच्या डब्याचं छत आत, आसाकडे असतं आणि तळ आभाळाकडे. डबे साधारण 20 असतात. खालचे गर्दीत लपतात, तेव्हा अर्धं चाक मोजून दुप्पट करा.

घोडबंदरकर
मांडीवर दांडीच आहे. वरच्या डब्याचं छतही आत. मग फोटो 2 मध्ये पाटीवरची अक्षरं उलटी का? बाकीच्यांत सरळ आहेत.

निगेटिव्हवाला
लॅबमध्ये निगेटिव्ह पालथी लागलीय. पूर्ण रोल छापताना सहसा होत नाही, एकेक कॉपी काढायला पट्टी पुन्हा दिली की होतं. स्कॅन केल्यावर आडवं पलटवा. आणि ज्या फोटोत अक्षरंच नाहीत, त्यावरून पाळणा कुठल्या बाजूला फिरायचा हे ठामपणे लिहू नका.

'87 1 1 सोडून द्या. सेल काढला की कॅमेऱ्यातलं तारखेचं घड्याळ आपल्या सुरुवातीच्या सालावर आणि 1 जानेवारीवर परत जातं. सेल बदलला, तारीख लावायची राहिली, एवढाच त्याचा अर्थ.

साल काढायला प्रिंटची पाठ बघा. कागदावर कोनिका असेल तर 1987 नंतरचा, त्याआधी तीच कंपनी सकुरा नावाने विकायची. पण पार्कच 1989 चं, तेव्हा इथे त्याचा फार उपयोग नाही. खरी मदत पार्श्वभूमी करेल. शेजारचं वॉटर किंगडम 1998 चं, त्याच्या घसरगुंड्या दिसल्या तर फोटो त्यानंतरचा. जवळच्या विपश्यना पॅगोड्याचं बांधकाम 2000 मध्ये सुरू झालं, 2009 मध्ये उद्घाटन. तो घुमट सव्वातीनशे फूट उंच आहे, त्या दिशेने कॅमेरा असेल तर लपणार नाही. मात्र घसरगुंडी दिसत नाही म्हणून फोटो 1998 च्या आधीचा, असं धरू नका. आधी दुसऱ्या एखाद्या फोटोवरून कॅमेऱ्याचं तोंड कुठे होतं ते ठरवा. एकाच पट्टीतल्या फ्रेम (एकेका फोटोच्या चौकटी) एकाच रोलच्या असतात, त्यामुळे एका फ्रेमचं साल लागलं की शेजारच्यांचंही लागतं.

पामबीच_स्कॅनर
9 नंबरला आत्ता हात लावू नका, ओढू तर मुळीच नका. रंगाचा थर जिलेटिनचा असतो, दमट हवेत मऊ होऊन काचेला धरतो. ओढलात तर चेहरे काचेवर राहतील आणि हातात कोरा कागद येईल. पाण्यात भिजवून सोडवतात हे खरं, पण त्यावर बुरशीचे ठिपके असतील तर तेवढं जिलेटिन पाण्यात विरघळून जातं. काच बाहेरून पुसा, मागचा पुठ्ठा काढा आणि काचेसकट स्कॅन करा. थोडी चमक आली तरी चालेल.

बाकीच्यांसाठी जिथे निगेटिव्ह आहे तिथे प्रिंट स्कॅन करूच नका. 4×6 इंचाचा प्रिंट 600 डीपीआयला (एका इंचात 600 ठिपके) 2400×3600 पिक्सेल देतो, म्हणजे 12×18 इंचाला 200 डीपीआय. चार फुटांवरून बघायला पुरे, पण प्रिंटमध्ये नसलेला बारकावा त्यातून येत नाही. निगेटिव्ह 3200 डीपीआयला साधारण 3000×4500 देते. शिवाय लॅब छापताना कडा कापते. तुमचे प्रिंट साडेतीन बाय पाचचे असतील तर जास्तच, कारण फ्रेम 24×36 मिमीची, तिचं प्रमाण या कागदाशी जुळत नाही. पाळण्याचा पाया आणि पाटी नेमकी कडेलाच असते.

पट्टी फुंकरीने साफ करू नका, थुंकी उडते. रबरी ब्लोअर वापरा. स्कॅनरमध्ये इन्फ्रारेड धूळसफाई असेल तर रंगीत निगेटिव्हला चालू ठेवा. कृष्णधवल असेल तर बंद, चांदीच्या कणांमुळे ती फसते. फाइल टिफमध्ये (दर्जा न घटवणारा फाइलचा प्रकार) ठेवा.

लाल झाक प्रिंटमधला निळसर-हिरवा रंग विटल्यामुळे येते, बंद अल्बममध्येही. एकदम 'ऑटो कलर' दाबलं की आकाश शेवाळी होतं. फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमधल्या लेव्हल्समध्ये फक्त लाल चॅनल उघडा, काळ्या टोकाचा त्रिकोण आलेख सुरू होतो तिथपर्यंत सरकवा, मग मधला थोडा हलवा. पारखायला पाळण्याचा पांढरा रंग किंवा सिमेंटचा ओटा घ्या, त्वचा नको.

घोडबंदरकर
प्रिंट साडेतीन बाय पाचचेच निघाले. 4 ची निगेटिव्ह खिडकीच्या उजेडावर धरली तर डाव्या कडेला पाटीचा तुकडा आहे, प्रिंटमध्ये तो नाहीच. आधी तीच पट्टी स्कॅन करतो. तूर्त खाली 'रेनबो, गोराई, 1989 नंतर' एवढंच लिहितो.

निगेटिव्हवाला
पट्टी काठाने धरा. आणि पुढच्या दोन फ्रेममध्ये मागे घसरगुंड्या आहेत का तेही बघून टाका.