जँगोतलं यूजर मॉडेल: पहिल्याच दिवशी स्वतःचं करावं की तयार आहे तेच वापरावं?

रावेरची_घड
जँगो म्हणजे पायथॉनमध्ये वेबसाइट बांधायचा तयार सांगाडा, यूजर मॉडेल म्हणजे लॉगिन करणाऱ्यांच्या टेबलाचा आराखडा, आणि मायग्रेट म्हणजे तो आराखडा डेटाबेसात उतरवणारी आज्ञा. ज्याने पहिल्या मायग्रेटच्या आधी स्वतःचं यूजर मॉडेल केलं नाही, त्याने पुढे रडू नये. मी रडलोय, म्हणून हक्काने बोलतो.

आमच्या तालुक्यातल्या एका केळी व्यापाऱ्याचं हिशोबाचं काम घेतलं होतं. कापणी, काट्यावरचं वजन, शेतकऱ्याची बाकी, बस. मृगबागेचा माल निघायच्या आत हवं होतं, म्हणून जँगोचा तयार यूजर उचलला. त्यात यूजरनेम सक्तीचं आणि दोघांचं एक चालत नाही. ईमेलला यातली एकही अट नाही. आमच्या शेतकऱ्याकडे दोन्ही नाही, म्हणून यूजरनेमच्या रकान्यात मोबाईल नंबर कोंबला. आणि वडिलांचं नाव? त्याला जागाच नाही, फर्स्ट नेम आणि लास्ट नेम संपलं की संपलं. सातबाऱ्यावर तीन नावं, आमच्या यादीत दोन, आणि गावात त्याच नाव-आडनावाचे तीन पाटील. एकाची काटापावती दुसऱ्याच्या खात्यावर चढली. व्यापारी फोनवर जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सहा महिन्यांनी मॉडेल बदलायला बसलो, तर मायग्रेट पुढे सरकेना. म्हणे अ‍ॅडमिनचं (म्हणजे जँगोच्या तयार व्यवस्थापन पानांचं) पहिलं मायग्रेशन आधीच लागलंय, आणि ते ज्याच्यावर अवलंबून आहे ते तुमच्या नव्या यूजरच्या अकाउंट्स ॲपचं अजून लागायचंय. घर बांधून झाल्यावर पाया बदलायला निघालो होतो.

आता माझा नियम: अ‍ॅब्स्ट्रॅक्टबेसयूजर (जँगोचा अर्धवट यूजर, बाकी आपण भरायचं) घ्या, मोबाईल नंबरच लॉगिन करा, आणि पूर्ण नाव, गाव, गट नंबर, बँक खातं सगळं त्याच टेबलात ठेवा. प्रोफाइल वगैरे भानगड नको.

भुसावळ_जंक्शन
दादा, दुखणं खरं, औषध चुकीचं. तयार यूजर ठेवायचा, शेजारी वनटूवनने (एका यूजरला एकच ओळ) प्रोफाइलचं वेगळं टेबल जोडायचं, आणि वडिलांचं नाव, गाव सगळं तिथे. बाहेरची पॅकेजं तयार यूजरसोबत मुकाट चालतात. अ‍ॅब्स्ट्रॅक्टबेसयूजरमध्ये तुमच्या हाती पासवर्ड आणि शेवटचं लॉगिन एवढंच येतं. मॅनेजर (यूजर तयार करणारा कोड) स्वतः लिहा, परवानग्यांचं मिक्सिन (तयार जोडतुकडा) जोडा, अ‍ॅडमिनचे फॉर्म नव्याने करा. एका व्यापाऱ्याच्या वहीसाठी एवढा खटाटोप?

आणि मोबाईल नंबरला ओळख समजू नका. बंद पडलेला नंबर 90 दिवसांनंतर कंपनी दुसऱ्याला देऊ शकते. ओटीपीवर लॉगिन ठेवलंत तर उद्या कोण्या अनोळखी माणसाला तुमच्या शेतकऱ्याची बाकी दिसेल.

रावेरची_घड
प्रोफाइलही करून पाहिलं, भो. यूजर सेव्ह झाला की सिग्नलने (जँगोच्या आपोआप निघणाऱ्या इशाऱ्याने) प्रोफाइल तयार व्हायचं. मग व्यापाऱ्याने एक्सेलची यादी दिली, मी ती बल्क_क्रिएटने एका झटक्यात भरली. बल्क_क्रिएट सेव्हचा सिग्नल पाठवतच नाही! यूजर चारशे, प्रोफाइल शून्य, आणि पान उघडलं की एरर. वर यादी दाखवताना सिलेक्ट_रिलेटेड (डेटाबेसाला एकदाच विचारून जोडलेलं टेबलही आणणारं) विसरलं की दर ओळीमागे एक वेगळी क्वेरी.

लळिंग
सिग्नलचं रडगाणं मान्य. पण दादा, तुम्ही दोघांनी शेतकरी म्हणजेच यूजर असं धरलंय, गाडी तिथेच घसरली.

मी शिरपूरकडे कापसाच्या खरेदीचं काम केलं. नोंदणीच्या दिवशी एक आजोबा म्हणाले, “मनाजोडे मोबाईल नही शे.” नातवाचा नंबर दिला. त्याच नंबरावर काकांचं खातं, आईचं खातं. आता मोबाईल यूनिक (एक नंबर एकदाच) ठेवला तर आजोबांनंतर कोणाचीच नोंद होत नाही, आणि यूनिक काढला तर लॉगिन कोणाचं ते कळत नाही. बरं, तोच नंबर कोणी पुढे शून्य लावून देतो, कोणी +91 लावून. सेव्ह करण्याआधी एका साच्यात आणलं नाही तर एका माणसाची तीन खाती होतात.

म्हणून लॉगिनचं टेबल वेगळं आणि शेतकऱ्याचं वेगळं. कोणत्या लॉगिनला कोणत्या शेतकऱ्याचा हिशोब दिसेल, ते मधल्या तिसऱ्या टेबलात. ज्या शेतकऱ्याने जन्मात लॉगिन केलं नाही, त्याचीही पावती निघते.

अजून एक. पावतीची फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडचा दुवा) थेट यूजरला, तीही कॅस्केड (मूळ ओळ गेली की जोडलेल्याही जातात) लावून, असं कोणी केलं असेल तर आजच बदला. आमच्याकडे एका पोराने अ‍ॅडमिनमधून ‘जुना यूजर’ उडवला आणि त्याच्यासोबत सगळ्या पावत्या गेल्या. बॅकअप होता म्हणून वाचलो. प्रोटेक्ट (पावत्या असतील तोवर यूजर उडवू देत नाही) लावा, आणि माणूस काढायचा असेल तर खातं चालू असल्याची खूण इज_अ‍ॅक्टिव्ह बंद करा.

भुसावळ_जंक्शन
ताई, प्रोटेक्टचं शंभर टक्के. पण लहान आडतीला तीन टेबलं म्हणजे वांग्याच्या भरतासाठी लग्नाचा आचारी बोलावणं. मुनीम आणि मालक, दोनच लॉगिन. शेतकरी ॲप उघडतोच कुठे?

लळिंग
मग तर माझंच खरं झालं की. उघडत नाही, तर त्याला यूजर का केलंत?

नवापूर_लाइन
मी अजून शिकतोय. भांडण छान आहे, पण आज रात्री नवीन प्रोजेक्ट सुरू करतोय, काय लिहू?

लळिंग
अकाउंट्स नावाचं ॲप कर. त्यात अ‍ॅब्स्ट्रॅक्टयूजरवरून यूजर नावाचा क्लास (तयार यूजरचे सगळे रकाने त्यातूनच येतात), आत फक्त पास (म्हणजे रिकामा). सेटिंगमध्ये ऑथ_यूजर_मॉडेलला त्याचं नाव दे, आणि हे सगळं पहिल्या मायग्रेटच्या आधी. मॉडेलमध्ये फॉरेन की सेटिंगमधल्या त्याच नावाने जोड, बाकी कोडमध्ये गेट_यूजर_मॉडेल. जँगोत ही सोय 2013 च्या 1.5 आवृत्तीपासून आहे. ईमेल यूनिक करणार असशील तर नल (मूल्यच नाही) चालू ठेव आणि रिकाम्या ईमेलच्या जागी नलच सेव्ह कर, नाहीतर ईमेल नसलेला दुसरा माणूस आला की रिकाम्या मजकुरावरच अडकशील.

भुसावळ_जंक्शन
रिकामा क्लास मलाही चालेल, त्याला खर्च नाही. माझा राग अ‍ॅब्स्ट्रॅक्टबेसयूजरवर.

रावेरची_घड
कोणी माझ्यासारखं अडकलं असेल तर: नव्या मॉडेलचं नाव यूजरच ठेवा, मेटामध्ये (मॉडेलच्या आतल्या सेटिंगमध्ये) डीबी_टेबल म्हणून जुनंच ऑथ_यूजर लिहा. म्हणजे ग्रुपांची जोडटेबलं आणि त्यांतले रकाने जुन्याच नावांचे राहतात. मायग्रेशन बनवा, ते लागलं असल्याची ओळ मायग्रेशनच्या टेबलात हाताने घाला, कंटेंट टाइपच्या टेबलात (कोणतं मॉडेल कोणत्या ॲपचं याच्या यादीत) यूजरचं ॲप बदला. नवे रकाने त्यानंतरच्या मायग्रेशनमध्ये. आधी डेटाबेसच्या कॉपीवर करून बघा, मी दोनदा तोंडावर पडलो.

आणि ताई, शेतकऱ्याचं टेबल वेगळं करतोय. गट नंबर आणि बँक खातं तिकडे गेलं. लॉगिन मात्र मोबाईलवरच राहील, यूजरनेम कोणाच्या लक्षात राहत नाही.

लळिंग
राहू द्या. पण नंबर बदलला की काय करता?

रावेरची_घड
शेतकरी काट्यावर येतो, मुनीम तोंड बघून ओळखतो आणि नंबर बदलून देतो.

भुसावळ_जंक्शन
म्हणजे प्रायमरी की (टेबलातल्या ओळीची एकमेव ओळख) मुनीम.

रावेरची_घड
हसा. त्याला वेगळा ग्रुप आणि तेवढीच परवानगी दिलीय, आणि जुना नंबर कोणी, कधी बदलला याचीही नोंद राहते. दिवाळीत तो आठ दिवस गावी जातो तेव्हाचं काय करायचं, ते सुचवा.