दुखतो गुडघा, फोटो काढा खुब्याचा

प्रश्न असा, की ७ वर्षांचा मुलगा महिनाभरापासून लंगडतो, गुडघा दुखतो म्हणतो आणि गुडघ्याचा एक्स-रे मात्र स्वच्छ आहे, मग दुखतंय कशामुळे? या वयात खुब्याचं दुखणं बरेचदा गुडघ्यात जाणवतं. पर्थेस आजाराची शंका घ्यायला हवी. त्यात मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाचा, खुब्याच्या वाटीत बसणाऱ्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि तो मरतो.

पाठीवर झोपवून खुबा आणि गुडघा ९० अंशांत वाकवा, मग पाऊल हळूच बाहेर न्या. दुसऱ्या पायापेक्षा लवकर अडलं किंवा मांडी फाकवता आली नाही, तर दोष खुब्यात आहे. एक्स-रे दोन्ही खुब्यांचा हवा, समोरून आणि बेडकासारखे पाय फाकवूनही. सुरुवातीला तोही नॉर्मल येऊ शकतो, तेव्हा एमआरआय.

आपल्या विदर्भात आधी सिकलसेल (लाल रक्तपेशी विळ्यासारख्या होण्याचा आनुवंशिक आजार) तपासा. त्यातही गोळा असाच मरतो, पण उपचाराची दिशा वेगळी. सोल्युबिलिटी ही पहिली रक्तचाचणी पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी चाचणी) कराच, कारण वाहक की रुग्ण हे पहिलीतून कळत नाही. संध्याकाळचा ताप, वजन घटणं असेल तर खुब्याचा टीबी. जोराचा ताप आणि पाय टेकवतच नसेल तर सांध्यात पू असू शकतो, त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा.

पर्थेसमध्ये ६ वर्षांखाली बहुधा उड्या बंद, व्यायाम आणि नियमित एक्स-रे पुरतात. ८ नंतर गोळा वाटीत नीट बसवायला अनेकदा शस्त्रक्रिया लागते, तीही गोळा चपटा होण्याआधी. ७ म्हणजे काठावरचं वय, म्हणून बालअस्थिरोगतज्ज्ञालाच दाखवा. हाड भरायला २ ते ४ वर्षं जातात. चोळून-मालिश करून ते लवकर भरत नाही.