मदत हवी आहे: फेडरल न्यायालयात राज्याचा मुदतीचा नियम नेमका कधी लागू होतो?

नमस्कार. माझे कायद्याचे शिक्षण महाराष्ट्रात झाले असून सध्या मी अमेरिकेची दिवाणी प्रक्रिया अभ्यासत आहे. आपल्याकडे केंद्राचे आणि राज्याचे कायदे एकाच न्यायालयात चालतात, त्यामुळे तिथल्या दुहेरी न्यायव्यवस्थेत (फेडरल म्हणजे केंद्रीय न्यायालये वेगळी आणि राज्यांची वेगळी) एका ठिकाणी मी अडलो आहे.

'ईरी रेलरोड विरुद्ध टॉम्पकिन्स' (१९३८) या निकालाचे सूत्र समजले. वादी-प्रतिवादी वेगवेगळ्या राज्यांचे आहेत एवढ्याच कारणाने दावा फेडरल न्यायालयात आला असेल, तर हक्क आणि दायित्व राज्याच्या कायद्याने ठरते, प्रक्रिया मात्र फेडरल नियमांनी (फेडरल न्यायालयांच्या दिवाणी प्रक्रिया नियमांनी) चालते. खरी अडचण पुढच्या दोन निकालांत आहे.

'हॅना विरुद्ध प्लमर' (१९६५) या खटल्यात प्रतिवादीच्या घरी त्याच्या पत्नीकडे समन्स देण्यात आले होते. मॅसॅच्युसेट्सच्या कायद्यानुसार ते प्रतिवादीच्या हातीच पडायला हवे होते, तरीही सर्वोच्च न्यायालयाने फेडरल नियम ४ प्रमाणे झालेली बजावणी ग्राह्य धरली आणि दावा वाचला. 'वॉकर विरुद्ध आर्मको स्टील' (१९८०) मधला वादी ओक्लाहोमातील सुतार होता. हातोड्याचा घाव बसताच खिळा फुटून त्याच्या डोळ्याला इजा झाली. दोन वर्षांची मुदत संपायला तीन दिवस असताना त्याने दावा दाखल केला, पण समन्स बजावले गेले डिसेंबरात, म्हणजे मुदत उलटून तीन महिने झाल्यावर. तक्रारअर्ज दाखल होताच दावा सुरू होतो, असे फेडरल नियम ३ स्पष्ट सांगतो. तरीही न्यायालयाने, मुदतीसाठी दावा समन्स बजावल्यावरच सुरू झाला असे मानणारा राज्याचा नियम लावला आणि दावा मुदतबाह्य ठरला. त्या सुतारावर अन्याय झाला, असे मला मनापासून वाटते.

नियम ३ राज्याची मुदत थांबवण्यासाठी नाहीच, हे न्यायालयाचे कारण मी वाचले आहे. परंतु १९८७ मध्ये 'वेस्ट विरुद्ध कॉनरेल' या खटल्यात, हक्क फेडरल कायद्याचा असल्यामुळे, त्याच नियमानुसार मुदतीत दावा दाखल करणेच पुरेसे मानले गेले. मग नियमाची व्याप्ती त्याच्या शब्दांवरून ठरते, की राज्याच्या धोरणाला धक्का लागू नये म्हणून तो मुद्दाम संकुचित वाचला जातो? तसे असेल, तर 'शेडी ग्रोव्ह' (२०१०) मध्ये न्यूयॉर्कचा क्लास अ‍ॅक्शनवरील (अनेकांच्या वतीने केलेल्या एकत्रित दाव्यावरील) निर्बंध बाजूला सारून अशा दाव्यांचा फेडरल नियम २३ लावताना तोच संकोच का दिसत नाही?

फेडरल न्यायालयांत प्रत्यक्ष काम केलेल्या सदस्यांनी, दोन नियमांचा थेट संघर्ष आहे की नाही हे न्यायाधीश कोणत्या क्रमाने तपासतात, ते कृपया सांगावे.