दोन अँटीव्हायरस एकाच कॉम्प्युटरवर, मशीन प्रचंड स्लो. कोणता काढू आणि कसा?

विश्रामबाग_सांगली:
नमस्कार. घरचा डेस्कटॉप आहे, विंडोज ११, ८ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क. मशीनबरोबर आलेल्या ट्रायल अँटीव्हायरसची मुदत संपली म्हणून दुकानातून वर्षाच्या लायसन्सचा दुसरा आणून टाकला. जुना तसाच राहिला. आता एक्सेलची फाईल उघडायला मिनिटभर लागतं, टास्क मॅनेजरमध्ये डिस्क सतत १०० टक्के. पेनड्राइव्ह लावला की दोघांचे मेसेज एकावर एक येतात आणि 'धोका काढला' म्हटलेली तीच फाईल परत सापडते. ह्यांचा हळदीचा सगळा हिशोब टॅलीत आहे, म्हणून हात लावायची भीती वाटते. फॉरमॅट न मारता सुटेल का?

कृष्णाकाठ:
सुटेल ताई, फॉरमॅटची अजिबात गरज नाही.

रिअल टाइम स्कॅनिंग करणारा प्रत्येक अँटीव्हायरस फाईल आणि विंडोज यांच्या मध्ये आपला फिल्टर ड्रायव्हर बसवतो. तुम्ही फाईल उघडली की ती आधी त्याच्या हाताखालून जाते. दोघे बसले की पहिल्याने तपासायला उघडलेली फाईल दुसरा पुन्हा तपासायला घेतो. एसएसडीवर हे कसंबसं खपून जातं. हार्ड डिस्कचं हेड मात्र नुसतं इकडून तिकडे पळत राहतं. मुदत संपली तरी ड्रायव्हर बहुतेक वेळा जागाच असतो. तीच फाईल परत सापडते, कारण एकाने ती क्वारंटाइनमध्ये, म्हणजे संशयित फाईली बंदिस्त ठेवायच्या जागेत, हलवताना केलेली तात्पुरती प्रत दुसरा पकडतो. दर वेळी नवा व्हायरस शिरलाय असं नाही.

जुना काढा, लायसन्सवाला ठेवा. पण कंट्रोल पॅनलकडे जायच्या आधी टॅली बंद करून आकड्यांच्या नावाचं कंपनीचं फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. मग जुन्या अँटीव्हायरसचं क्वारंटाइन उघडून बघा. तिथल्या फाईली बदललेल्या स्वरूपात ठेवलेल्या असतात आणि प्रोग्रॅमबरोबर पुसल्या जाऊ शकतात. तुमच्या ओळखीची, कामाची फाईल असेल तेवढीच रिस्टोअर करा. त्यानंतर त्याच्या सेटिंगमधलं सेल्फ प्रोटेक्शन बंद करा, नाहीतर तो स्वतःला पुसू देत नाही आणि अनइन्स्टॉल अर्ध्यात अडकतं.

अनइन्स्टॉल झालं की रीस्टार्टच करा, शटडाऊन नको. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाऊनमध्ये विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि दुसऱ्या दिवशी तोच परत उठतो, जुन्या ड्रायव्हरसकट. 'काढला तरी स्लोच आहे' या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं.

अजिंक्यतारा:
वरचं सगळं बरोबर. पुढचं सांगतो.

साध्या अनइन्स्टॉलने ड्रायव्हर मागे राहू शकतात. म्हणून बहुतेक कंपन्या स्वतःचं रिमूव्हल टूल देतात: मॅकॅफीचं एमसीपीआर, अवास्टचं अवास्ट क्लियर. ते कंपनीच्याच साइटवरून घ्या, सर्चमध्ये वर येणाऱ्या भलत्या साइटवरून नको. आणि आधीच उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा, मधेच नेट गेलं तर पंचाईत होते.

अवास्ट क्लियरसारखं टूल सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज अगदी गरजेपुरत्याच ड्रायव्हरांवर सुरू करून, चालवायचं असतं. शिफ्ट दाबून रीस्टार्ट, मग ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट आणि ४ दाबा. त्याआधी डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणारी सोय, चालू आहे का बघा. असेल तर मायक्रोसॉफ्ट खात्यातली ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. ती मागितली आणि हाताशी नसली तर टॅलीसकट सगळं कुलपात. साधं अनइन्स्टॉल सेफ मोडमध्ये करायला जाऊ नका, विंडोज इन्स्टॉलरची सर्व्हिस तिथे चालू नसते.

डेस्कटॉप आहे, तेव्हा यूपीएस नसेल तर वळवाचं आभाळ भरून आलेलं असताना हे काम काढू नका. ड्रायव्हर निघत असताना लाईट गेली तर विंडोज सुरू व्हायचीही खात्री नाही.

मिरज_जंक्शन:
डिफेंडर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस, तिसरा भिडू होईल म्हणून रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदींत) जाऊन तो मारू नका. दुसरा अँटीव्हायरस विंडोजच्या सिक्युरिटी सेंटरमध्ये नोंदला गेला की डिफेंडर आपण होऊन बाजूला होतो आणि तो दुसरा काढला की परत चालू होतो. माझं मत विचाराल तर लायसन्स संपल्यावर नवीन घेऊच नका, घरच्या वापराला डिफेंडर पुरतो.

विश्रामबाग_सांगली:
बॅकअप घेतला, टूल चालवलं, रीस्टार्ट केलं. डिस्क आता ५ ते १० टक्क्यांवर आहे. पण नेट बंद! वायफाय जोडलेलं दाखवतं, एकही साइट उघडत नाही. जुना पूर्ण गेलाय हे कसं ओळखायचं?

अजिंक्यतारा:
जुन्याच्या फायरवॉलचा तुकडा नेटवर्क अॅडॉप्टरला चिकटून राहिलाय. रन उघडून इंग्रजीत एनसीपीए डॉट सीपीएल टाका, वायफायवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज. यादीत जुन्या कंपनीच्या नावाची ओळ दिसेल. तिच्यावर क्लिक करून अनइन्स्टॉल करा. ते जमत नसेल तर टिक काढा. नाहीच जमलं तर सेटिंग्जमधून नेटवर्क रीसेट. त्यात वायफायचे पासवर्ड पुसले जातात, आधी लिहून ठेवा.

खात्रीसाठी कमांड प्रॉम्प्ट अॅडमिन म्हणून उघडा आणि इंग्रजीत एफ-एल-टी-एम-सी ही पाच अक्षरं टाकून एंटर मारा. फिल्टरांची यादी येते. अल्टिट्यूडच्या (फिल्टरांचा क्रम ठरवणाऱ्या आकड्याच्या) रकान्यात ३,२०,००० ते ३,२९,९९९ हा पट्टा मायक्रोसॉफ्टने अँटीव्हायरससाठी राखलेला आहे. तिथे डब्ल्यूडीफिल्टर दिसला तर तो डिफेंडरचा, राहू द्या. जुन्या कंपनीचं नाव दिसलं तर टूल पुन्हा चालवा.

विश्रामबाग_सांगली:
तशी एक ओळ होती, काढली, नेट आलं. यादीत आता जुन्याचं काही नाही. दादा, आभारी आहे. पेनड्राइव्हचं कसं तपासू?

कृष्णाकाठ:
अँटीव्हायरस चालतो का ते बघायला आयकार या संस्थेची ६८ अक्षरांची टेस्ट फाईल मिळते. तिच्यात व्हायरस नसतो, पण अँटीव्हायरस तिला ओळखतात. ती डाउनलोड करायला गेलात की एकच मेसेज यायला हवा, तोही नव्या अँटीव्हायरसचा. तसा आला की मग पेनड्राइव्ह लावून त्याचं पूर्ण स्कॅन चालवा.